मनगट न धरणारी दाई

एका राज्यात बारा वर्षांत एकाही मुलाचे ढोपर फुटले नव्हते, आणि त्या राज्याला या गोष्टीचा फार अभिमान होता. परराज्यांचे वकील आले की राजा धवलसेन त्यांना मुद्दाम हमरस्त्याने फिरवीत असे आणि म्हणत असे, "पाहा आमची मुलं. आरडाओरडा नाही, मारामारी नाही, चिखल नाही." वकील तोंडात बोटे घालीत. खरोखरच ओसरीओसरीवर मुले बसलेली असत, हात मांडीवर, नजर समोर. आणि समोर प्रत्येकाचे सोन्याचांदीचे खेळणे आपले आपण खेळत असे.

आता खेळणेच खेळू लागले तर मुलाने काय करायचे, हा प्रश्न तुम्हाआम्हाला पडतो. त्या राज्यात तो कोणाला पडला नव्हता. तिथले लोक शहाणे होते.

ही खेळणी मायाधर नावाच्या मांत्रिकाने आणली होती. बारा वर्षांपूर्वी तो एक पेटी घेऊन दरबारात आला. पेटीला तळ नव्हता. तिच्यातून चार भाषा बोलणारा सोन्याचा पोपट निघाला, आपोआप दौडणारा चांदीचा घोडा निघाला, गोड आवाजात स्वतःच स्वतःला वाचून दाखवणारी पोथी निघाली. राजा भुलला. राज्यातल्या जुन्या भिंगऱ्या, भोवरे, भातुकल्या आणि चित्रांच्या पोथ्या गाडे भरभरून रानातल्या तळ्यात बुडवण्यात आल्या.

मग रिवाज पडला. चैत्रातल्या पंचमीला, रानात पळस-पांगारा फुललेला असताना, दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना राजाच्या खेळभांडारात आणायचे. मूल हात पुढे करील, पण मुलाला काय कळते? म्हणून घरची दाई, नाहीतर आत्या, त्याचे मनगट धरील आणि घराण्याला शोभेल अशा खेळण्यावर नेऊन टेकवील. हात टेकला की खेळणे मुलाचे आणि मूल खेळण्याचे. या दिवसाला निवडपंचमी म्हणत. निवड कोणाची, ते मात्र विचारायचे नाही.

राजवाड्यात भिवरा नावाची दाई होती. युवराज जयकेतूला तिनेच वाढवले. पुढे मृगावतीच्या जन्माच्या वेळी राणी गेली, तेव्हा ती लेकही तिच्याच मांडीवर आली. जयकेतू आता आठ वर्षांचा होता आणि सहा वर्षांत एक अक्षर बोलला नव्हता. दोन वर्षांचा होईपर्यंत त्याने बडबडून वाडा डोक्यावर घेतला होता. मग पंचमी आली आणि भिवरेने त्याचे मनगट धरले. त्याच्या हाताने दुसरीकडे जोर केला होता. कुठे, ते तिने पाहिलेसुद्धा नाही, कारण सारा दरबार बघत होता आणि सोन्याचा पोपट युवराजालाच शोभणारा होता. तिने मनगट वळवले. तो एवढासा जोर तिच्या तळहाताला अजून जाणवत असे, भात कालवताना, वेणी घालताना, केव्हाही.

मृगावतीला दोन वर्षे पूर्ण व्हायला आली होती. दिसेल ते ती तोंडात घाली, वाटी खाली टाकी, कशी पडते ते पाही आणि पुन्हा टाकी. पंचमीला पंधरा दिवस उरले असताना एके सकाळी भिवरा जयकेतूचे तोंड पुसत होती. समोरच्या पोपटाने मान वळवली आणि गोड सुरात म्हटले, "दाई, मला कुशीत घे."

भिवरेच्या हातातले फडके गळून पडले.

वळचणीला एक साळुंकी राहत असे. ती म्हणाली, "पोपटाला कुशीत यायचं नाही. शब्द त्या पोराचा आहे."

"म्हणजे काय?"

"पेटीतल्या खेळण्यांपाशी स्वतःचं काही नाही. पोपट युवराजांच्या शब्दांनी बोलतो. सरदारांच्या मुलाचा घोडा त्या मुलाच्या पायांनी धावतो. मूल जो शब्द बोलत नाही, जे पाऊल टाकत नाही, त्याची एक घटका मायाधराच्या आयुष्यात पडते. तीनशे वर्षं तो असा जगला आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"माझ्यापुढे कोणी बोलायचं थांबत नाही."

"यातून सुटका कशी?"

"ते मला ठाऊक नाही. पण मनगट तू धरतेस, एवढं ठाऊक आहे."

भिवरेने पदर खोचला आणि ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली. दाईने न बोलावता दरबारात यायचे नाही, हाही एक रिवाज होताच. एक मोडायला निघाल्यावर दुसऱ्याचे काय.

"महाराज," ती म्हणाली, "या पंचमीला मी मृगावतीचं मनगट धरणार नाही."

राजा म्हणाला, "मग दुसरी धरील."

"दुसरीला मी तिच्याजवळ येऊ देणार नाही."

"भिवरे, हा रिवाज आहे."

"रिवाज बारा वर्षांचा आहे, महाराज. मुलांचे हात त्याच्या आधीपासून आहेत."

राजाच्या कपाळाची शीर उठली. पण सिंहासनाशेजारी बसलेला मायाधर हसला. माणूस गोड होता. मुलांचे एवढे शब्द गिळल्यावर कोणीही गोड बोलेल. तो म्हणाला, "महाराज, दंड नको. तिच्या मताचं खेळणं तिने आणून दाखवावं. तीन वस्तू आणाव्या. एक, असं खेळणं जे स्वतः काहीच करत नाही. दुसरी, अशी पोथी जी स्वतः काहीच बोलत नाही. तिसरी, अशी वस्तू जिच्याशी एकट्याने खेळताच येत नाही."

दरबार खदखदून हसला. काहीच न करणारे खेळणे म्हणजे मुके गवई आणि आंधळे पहारेकरीच की, असे सरदार एकमेकांना म्हणाले.

"पंचमीला त्या भांडारात मांड," राजा म्हणाला. "मूल आपण होऊन त्यांच्याकडे वळलं, तर रिवाज मोडला. वळलं नाही, तर तुझे दोन्ही हात खांद्यापर्यंत लाकडाचे होतील. मायाधर ते करतील."

"बरं," भिवरा म्हणाली आणि मुजरा न करताच निघाली.

वेशीबाहेर रान लागले. रानात पांगारा लालभडक फुलला होता आणि अंगभर काटे घेऊन वाट अडवून उभा होता. भिवरेचे वडील कातारी होते, लाकडाची खेळणी कातून विकत. पांगाऱ्याचे लाकूड हलके, मुलाच्या हाताला ओझे होत नाही, हे तिला तेव्हापासून माहीत होते. तिने एक फांदी मागितली.

पांगारा म्हणाला, "काय करशील तिचं? सांगशील तर देईन. खोटं सांगशील तर काटा काळजात जाईल."

भिवरा विचारात पडली. घोडा करीन म्हणावे, तर मुलाने त्याची होडी केली तर? घर म्हणावे, तर त्याने त्याची गाय केली तर? शेवटी ती म्हणाली, "मला माहीत नाही. मी नुसते ठोकळे करीन. त्यांचं काय करायचं ते मूल ठरवील."

पांगारा म्हणाला, "इथे येणारा प्रत्येक जण आधीच ठरवून येतो. कोणी दार म्हणतो, कोणी देव्हारा म्हणतो, एक जण सूळ म्हणाला होता. दुसऱ्याला ठरवू देणारी तू पहिली." आणि त्याने फांदी आपण होऊन खाली टाकली.

भिवरेने सात दिवस बसून तिचे ठोकळे केले. काही चौकोनी, काही लांबट, दोन अर्धगोल. कडा वाळूने घासघासून गालाला लावता येतील इतक्या मऊ केल्या. एकही ठोकळा मुलाच्या तोंडात मावेल इतका लहान ठेवला नाही, कारण मूल तो तोंडात घालणारच, आणि त्यात मुलाचे काही चुकत नाही. हळदीचा पिवळा आणि पळसाच्या फुलांचा केशरी, एवढेच रंग दिले. मग टोपली डोक्यावर घेऊन ती तळ्याकडे गेली.

तळ्याच्या तळाशी बुडवलेल्या पोथ्यांचा ढीग होता आणि ढिगावर एक नाग वेटोळे घालून बसला होता. भिवरा काठावर बसली आणि म्हणाली, "नागोबा, एक पोथी द्या."

नाग वर आला. त्याच्या फण्यावर शेवाळ होते. "बारा वर्षं या पोथ्या राखतो आहे. पाण्याने अक्षरं पुसली, चित्रं तेवढी उरली. आत काय आहे ते मला कोणी सांगितलं नाही. तू सांग, मग ने." त्याने जाड कापडी पानांची एक पोथी तिच्यापुढे ठेवली. कोंबडी, भोपळा, नदी आणि कोल्हा अशी तिच्यात चित्रे होती.

भिवरेला वाचता येत नव्हते. इथे अक्षरेच नसल्याने तिची लाज वाचली. तिने चित्रावर बोट ठेवून सुरुवात केली, "एक कोंबडी होती, ती भोपळा घेऊन नदीवर गेली." नागाने सगळे ऐकले आणि म्हणाला, "पुन्हा." भिवरेने पुन्हा सांगितले. आधीचे नीट आठवेना, तेव्हा या वेळी कोल्ह्याला सर्दी झाली होती असे तिने घातले. नाग म्हणाला, "पुन्हा." तिसऱ्यांदा ती सांगू लागली की भोपळा गडगडत गेला, कोंबडी मागून धावली, तोच नागाने फणा काढला.

"असं नाही," तो म्हणाला. "आधी कोंबडी गेली. भोपळा मागून आला. आणि कोल्हा लबाड नव्हता, त्याला भूक लागली होती."

"मग तुम्हीच सांगा," भिवरा म्हणाली.

नागाने गोष्ट सांगितली. अगदीच वाईट सांगितली, मध्ये दोनदा अडखळला, शेवट विसरला. पण सांगून झाल्यावर त्याच्या अंगावरचे शेवाळ गळून पडले होते. "ने ही," तो म्हणाला. "ऐकणाऱ्याला मध्ये तोंड घालावंसं वाटतं, अशी पोथी तुमच्या भांडारात नाही."

तिसऱ्या वस्तूसाठी भिवरा चार दिवस वणवण फिरली. डोंगर पालथा घातला, धनगरांना विचारले, नदीला विचारले. ढोल एकट्याने वाजवता येतो, चेंडू भिंतीवर एकट्याने मारता येतो, भोवरा तर एकट्याचाच. पंचमीच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, ती रिकाम्या हाताने परत निघाली, तेव्हा वाटेत वडाखाली मायाधर बसला होता.

"दमलीस," तो म्हणाला. "बैस."

"उभी आहे ती बरी आहे, मांत्रिकबुवा."

"तिसरी वस्तू नाहीच, भिवरे. तीनशे वर्षं मी एकटाच खेळतो आहे, मला ठाऊक असणार. पण तुझं दुःख कळतं मला. एक सौदा करू. जयकेतूचे सगळे शब्द आज परत देतो. घरी जाशील तेव्हा तो तुला हाक मारील. उद्या तू फक्त मृगावतीचं मनगट धर, आणि पुढे या गोष्टीचं नाव काढू नको."

खोटे कशाला सांगू, भिवरेच्या जिभेवर हो आलेच होते. सहा वर्षे ती त्या एका हाकेसाठी तळमळत होती. ती धुळीत बसली, तिथेच रडली, मांत्रिकासमोर रडली. मग पदराने तोंड पुसून उठली.

"एकाचं तोंड उघडायचं आणि बाकीच्यांची मिटवायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही," ती म्हणाली. "मी एकदा केलं आहे. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं."

"हात लाकडाचे होतील."

"होऊ देत. लाकूड वाईट नसतं, आत्ताच सात दिवस घासून आले."

पंचमी उजाडली. खेळभांडार झळझळत होते. दाया आणि आत्या आपापली मुले घेऊन रांगेत उभ्या होत्या. सिंहासनाच्या एका पायरीवर जयकेतू पोपटासमोर बसला होता. मधोमध तीन चौरंग मांडले होते. भिवरेने पहिल्यावर ठोकळे ठेवले, दुसऱ्यावर पोथी ठेवली. तिसरा रिकामा राहिला.

"तिसरी?" राजाने विचारले.

"मिळाली नाही, महाराज."

"मग ती हरली," मायाधर म्हणाला.

"मूल वळलं तर, असं महाराज म्हणाले होते. मूल अजून वळायचं आहे." असे म्हणून भिवरेने मृगावतीला खाली ठेवले आणि आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले. दायांच्या रांगेत कुजबुज झाली. असे कोणी केलेले त्यांनी पाहिले नव्हते.

मायाधराने पेटीतून रत्नांचा मोर काढला. मोर पिसारा फुलवून नाचू लागला, गाऊ लागला. मृगावती त्याच्याकडे निघाली. भिवरेच्या बोटांची टोके कडक झाली. नखे लाकडाची झाली, मग पेरे. मृगावती मोरापुढे उभी राहिली आणि "ए," म्हणाली. मोर गात राहिला. तिने टाळी वाजवली. मोराने तिच्याकडे पाहिलेही नाही.

तेव्हा भिवरेला वाटले की पुढे व्हावे, पोरीचे मनगट अल्लद धरावे आणि ठोकळ्यांवर टेकवावे. चांगल्याच गोष्टीवर टेकवायचे, त्यात काय बिघडले? मनगटापर्यंत तिचे हात लाकडाचे झाले होते, कोपरापर्यंत चढत होते, आणि कोपर अजून वाकत होते. तिने ते वाकू दिले नाहीत.

मृगावतीला मोराचा कंटाळा आला. ती वळली. तिने एक ठोकळा उचलला, तोंडात घालून पाहिला, मावला नाही. दुसऱ्यावर आपटून पाहिला, टक वाजले. तिने आणखी आपटले. मग एकावर एक तीन ठेवले, ते कोसळले आणि ती इतकी हसली की रांगेतली मुले मान वर करून पाहू लागली. पोथी तिने उलटी उघडली. कोंबडीवर बोट ठेवून "कोको," म्हणाली आणि ते कोणाला तरी दाखवायचे म्हणून इकडेतिकडे पाहू लागली.

जवळच तिचा भाऊ बसला होता. ती त्याच्याकडे गेली, त्याला कोंबडी दाखवली. तो हलला नाही. तिने एक ठोकळा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. दुसरा त्याच्यावर ठेवला, वाकडा. मग वाट पाहत बसली.

जयकेतूचा हात मांडीवरून उठला आणि त्याने तो वाकडा ठोकळा सरळ केला.

मृगावतीने लगेच दोन्ही पाडले. त्याने रचले. तिने पाडले. त्याने चार रचले, पाचवा ठेवताना श्वास रोखला, आणि ती हात उगारून पुढे येताच त्याने तिचा हात अडवला. "नाही," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. "पाडू नको. माझा आहे."

"माजा," मृगावती ओरडली.

दोघांत जुंपली. भांडाराच्या मधोमध, राजासमोर, युवराज आणि राजकन्या एका लाकडाच्या ठोकळ्यासाठी भांडू लागले, आणि तेच पाहून रांगेतली सगळी मुले मनगटे सोडवून ठोकळ्यांकडे धावली.

"तिसरी वस्तू, महाराज," भिवरा म्हणाली. ती रडत होती, पण आवाज तिचा खणखणीत होता. "दुसरं मूल. तुमच्या भांडारात सगळं होतं, एवढंच नव्हतं. प्रत्येकाला वेगळं बसवलंत."

सोन्याच्या पोपटाने चोच उघडली, तिच्यातून काही निघाले नाही. मोर थांबला. राज्यभर चांदीचे घोडे जिथल्या तिथे उभे राहिले आणि मुले ओसरीवरून उतरली. मायाधराने मंत्र म्हणायला तोंड उघडले, पण त्याच्यापाशी स्वतःचा असा एकही शब्द नव्हता. तो उठला, आपल्या बिनतळाच्या पेटीत पाय टाकून आत शिरला आणि त्याने झाकण लावून घेतले. ती पेटी पुढे कोणी उघडली नाही. भिवरेचे हात कोपरापासून खाली एकेक बोट करीत पुन्हा मऊ झाले.

राजाला हा गलका सहन होत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण त्या गलक्यात त्याच्या मुलाचा आवाज होता. तो म्हणाला, "भिवरे, नवा रिवाज काय ठेवू?"

"धार नको, टोक नको, तोंडात मावेल असं काही नको," भिवरा म्हणाली. "तेवढं मोठ्यांनी पाहावं. खेळण्याने थोडं करावं, पुष्कळ मुलासाठी सोडावं. पोथी मांडीवर घेऊन सांगावी, मुलाने मध्ये तोंड घातलं तर घालू द्यावं. बाकी मुलं ठरवतील."

राजाने तसे फर्मान काढले. तळ्यातल्या पोथ्या नागाने स्वतः वर आणून दिल्या, फक्त एक ठेवून घेतली. दर चैत्रात पांगारा फुलला की राज्यातली सारी मुले एकत्र जमतात, आणि त्या दिवशी राज्यात कोणालाही दुसऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. राजाला ते आवडते असे नाही. तो कानावर हात ठेवून बसतो, पण बसतो.

त्या पहिल्या पंचमीच्या दुपारी मात्र, सगळे पांगल्यावर, जयकेतू भिवरेपाशी आला. तिने त्याचा हात हातात घेतला आणि हाकेची वाट पाहिली. त्याने हाक मारली नाही. तो म्हणाला, "दाई, तू तेव्हा माझा हात का वळवलास?"

सहा वर्षे त्याने हेच धरून ठेवले होते. भिवरेने कारणे शोधली. दरबार बघत होता, रिवाज होता, महाराज होते. सगळी खरी होती. तिने त्यातले एकही सांगितले नाही.

"चुकले," ती म्हणाली. "तुला काय हवं होतं ते मी पाहिलंच नाही."

जयकेतूने थोडा विचार केला. अंगणातून मृगावतीचा आणि आणखी कोणाकोणाचा कालवा येत होता. "मग आता सोड," तो म्हणाला.

भिवरेने खाली पाहिले. बोलता बोलता तिने त्याचे मनगट घट्ट धरले होते. तिने ते सोडले, आणि तो धावत अंगणात गेला.